दोमितिलाच्या डोक्यावरचं पाणी

फादर अनाक्लेतोंनी पाण्याला हात लावलाच नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे सिरियाकोने ओळखलं.

पैशांचा रुमाल चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या काठावर ठेवलेला होता. रीतच तशी होती. गुलाम बाईच्या पोटी लेकरू झालं, की त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडायच्या आत मालकापुढे पंचवीस पेसो ठेवायचे. मग पाणी पडतं ते मोकळ्या माणसाच्या डोक्यावर. एकदा पाणी पडून गेलं, की पुढे भाव मालकाचा आणि मर्जीही मालकाची. पुएर्तो प्रिन्सिपे गावातली काळी-सावळी माणसं एखादी प्रार्थना विसरतील, पण हे विसरायची नाहीत. त्यातून ही मुलगी. मुलगी मोकळी झाली की तिच्या पोटची, त्यांच्या पोटची, सगळी वेल मोकळी. त्यासाठी सिरियाकोने वर्षभर दिवस मावळेपर्यंत खोगिरं शिवली होती.

"फादर, पैसे ठेवलेत," तो म्हणाला.

"दिसतात मला." फादर कुंडात बघत म्हणाले. "पण या लेकराला पाणी मिळालंय, सिरियाको. घरीच. झटके आले होते, वाचेलसं वाटत नव्हतं, म्हणून दिलं गेलं. पाणी दुसऱ्यांदा देता येत नाही. आता मी फक्त तेल लावू शकतो."

"कुणी दिलं?"

"ज्याने दिलं त्याने मला येऊन सांगितलं. नाव इथे घेत नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे."

दोन्या लेओनोरने पंख्याच्या टोकाने रुमाल सिरियाकोकडे सरकवला. लेकराची आई, सिरियाकोची बायको बेनिग्ना तिच्या मालकीची, म्हणून लेकरूही तिच्याच मालकीचं. "उचल तो. देवाच्या घरात पैसे असे उघड्यावर टाकू नयेत. बेनिग्ना, सांजच्या घंटेला घरी ये. पोरीला ऊन लागू देऊ नकोस, आधीच तोळामासा जीव."

किती ती माया! आदल्या महिन्यापर्यंत ही बाई बेनिग्नाला कोळशाच्या खोलीशेजारी झोपवत होती.

"तेलही लावू नका," सिरियाको म्हणाला. "आधी सिंडिकसाहेबांपुढे जाऊ."

सिंडिक म्हणजे गुलामांच्या बाजूने बोलायला नगराने नेमलेला वकील. बोलतो बहुतेक वेळा मालकांशीच, पण कागदावर तरी आपला. फादरांनी तेलाची कुपी लगेच झाकली. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

सिरियाकोची थोरली बहीण तेक्ला इतका वेळ लेकरू घेऊन कुंडाशी उभी होती. सुईण म्हणून तो तिचा मान. तिने पोरीला आईच्या हातात दिलं.

*

घरी सिरियाकोच्या आईने, ग्रेगोरियाने, बारशाचा स्वयंपाक करून ठेवला होता. डुकराचं भाजलेलं मांस, कसावाची भाकरी, कंदांचा दाट रस्सा, पेरूची वडी. लेक आणि सून सुतकी चेहऱ्याने आत येताना बघूनही तिने पानं मांडायची थांबवली नाहीत. मालकाने ठरलेली किंमत घ्यायला नकार दिला, तेव्हा याच बाईने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून स्वतःची मुक्ती कोर्टातून ओढून आणली होती. पोटात अन्न नसताना भांडायला जाऊ नये, एवढं ती त्यातून शिकली होती.

"जेवा आधी," ती म्हणाली. "लढाई पळून जात नाही."

जेवला खरा एकच माणूस. बेनिग्नाचा भाऊ फेर्मिन, दोन्या लेओनोरचा गाडीवान. त्याच्या अंगात निळा नवा कोट होता आणि सिरियाकोची नजर त्या कोटावरून हलत नव्हती.

सिरियाकोचं असंच होतं. तो दोरा घेताना ओढून बघे, कातडं घेताना हुंगून बघे आणि माणूस भेटला की दोन्ही करून बघे. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताक फुंकून पितो, हा तर पाणीही फुंकून पीत असे.

"जेव, जेव," तो फेर्मिनला म्हणाला. "कोट घट्ट झाला तर मालकीणबाई दुसरा शिवून देतील."

फेर्मिनने हाड ताटात ठेवलं. "दाजी, सरळ बोला."

"सरळच विचारतो. कोट कशाबद्दल मिळाला?"

"गाडीवानाला उघडा बसवत नाहीत म्हणून. जुन्याची बाही घोड्यानं चावली."

"घोड्यानं! पोरीच्या बारशाच्या तोंडावरच बरी भूक लागली घोड्याला."

"जाऊन विचारा त्यालाच. तुमचा विश्वास माणसांवर नाही, जनावरावर तरी बसेल."

"आपण कुंडाशी पैसे ठेवणार, हे घराबाहेर कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. मग त्या बाईला आधीच कसं कळलं? कशी शांत उभी होती बघितलंस ना? कुंपणानंच शेत खाल्लंय इथं."

"माझ्या भावाला बोलू नका," बेनिग्ना कोपऱ्यातून म्हणाली. ती लेकराला पाजत होती. "बाळंतिणीच्या खोलीत त्याला पाऊल टाकायची परवानगी नव्हती."

"बरं. मग तू तर होतीस खोलीत."

बेनिग्नाने छातीशी घेतलेल्या लेकराकडे पाहिलं. "मी तापानं फणफणले होते. जाग आली तेव्हा पोरीचं जावळ ओलं होतं. मला वाटलं घाम आलाय."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"तुम्हाला काही सांगायला गेलं, की तुम्ही आधी सांगणाऱ्याकडंच डोळे बारीक करून बघता. म्हणून नाही सांगितलं."

तो गप्प बसायला हवा होता. पण संशय एकदा उठला की तो कुणाचंच ऐकत नाही. बेनिग्नाला साखरेच्या मळ्यावर धाडायचं घाटत होतं आणि अलीकडे ते बोलणं थांबलं होतं, हे त्याला आठवलं. "पोर त्या घरातच राहिली तर तुलाही मळ्यावर पाठवणार नाहीत, असं काही ठरलंय का तुमचं आतल्या आत?"

बेनिग्नाने त्याच्याकडे पाठ फिरवली. तिचे खांदे हलायला लागले, तरी आवाज आला नाही. फेर्मिन उठला, पण ग्रेगोरियाने पळी पातेल्यावर आपटली आणि तो जागच्या जागी थांबला.

"पुरे! सिरियाको, आणखी एक शब्द काढशील तर उष्ट्या हातानं मुस्कटात देईन." मग ती लेकीकडे वळली. आवाज खाली आला. "तेक्ला, तुझं ताट तसंच आहे."

"भूक नाही मला."

"दोन बाळंतपणं उरकून आलीस तरी दोघांचं जेवतेस तू. आज काय झालं?"

तेक्लाने डोक्याचा पांढरा रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला. सगळं गाव तिला त्या रुमालावरून ओळखत असे.

"मी दिलं पाणी," ती म्हणाली.

सिरियाकोला आधी ते समजलंच नाही. कुंडाकाठच्या रुमालातले निम्मे पैसे तेक्लाचे होते. सगळ्या जगावर संशय घेऊन झाला, तरी तिचं नाव त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

"पोरगी निळी पडली होती," तेक्ला सांगू लागली. "एकदा झटका आला, सावरली. दुसऱ्यांदा आला आणि श्वासच बंद. बेनिग्ना शुद्धीत नाही. अंगणातल्या रांजणातून वाटीभर पाणी घेतलं, तीनदा ओतलं, जे म्हणायचं ते म्हटलं. पाणी गार होतं, त्यानंच दचकली की काय कोण जाणे. रडली. वाचली."

"आणि मग फादरांना सांगून आलीस."

"प्रत्येक वेळी सांगते. त्यांच्याकडूनच मालकिणीला कळलं असणार. पाणी दिलं की सांगायचं, तशी शपथ घेतलीय. पाय आपोआप तिकडं वळले. वाटेत कुठं लक्षात आलं की आपण काय करून बसलो, आणि तुला सांगायला जीभ रेटली नाही."

"वाटेत? मग परत का नाही फिरलीस?"

"कारण खरंच दिलं होतं."

सिरियाकोच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रागाने तर आलीच, पण त्याहून जास्त लाजेने आली, कारण बेनिग्ना अजून पाठ करूनच बसली होती. लाज वाटली की तो आणखी वाईट बोलायचा.

"तुझ्या मनातून ते गेलेलंच नाही," तो म्हणाला. "आईनं आधी मला सोडवलं, तुला सात वर्षं मागं ठेवलं. त्याचं उट्टं काढलंस."

"नाहीच गेलेलं," तेक्ला म्हणाली. "जायला मी काय संत आहे? आईनं माझी धुणावळ घालून तुला सोडवला. आठवलं की आजही जळतं. पण निळं पडलेलं लेकरू हातात असताना कुणाला उट्टी सुचतात रे, गाढवा?"

ग्रेगोरियाच्या त्या जुन्या हिशोबाबद्दल लेकीने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. ग्रेगोरियाने पळी खाली ठेवली आणि वकिलासारखं विचारलं, "बघणारं आणखी कुणी होतं?"

"नाही."

"म्हणजे सगळं तुझ्या शब्दावर."

ती काय सुचवतेय हे सगळ्यांना कळलं. फेर्मिनने ताट बाजूला सारलं.

"मग सांग ना, ताई, की नाही दिलं," सिरियाको एकदम मऊ आवाजात म्हणाला. "घाबरून तसं बोललीस म्हणावं."

"क्रुसावर हात ठेवून?"

"पोरीसाठी."

"तुला वाटतं मला नरकाची भीती वाटते? ती वाटतेच. पण ते माझं मी बघेन. या गावातली कितीतरी पोरं माझ्या हातावर आली आणि माझ्याच हातावर गेली. फादर यायच्या आत. त्यांना मीच पाणी दिलं. त्यांच्या आया रात्री झोपतात त्या एवढ्यावर, की तेक्लानं दिलं, म्हणजे पोर देवाजवळ आहे. मी एकदा खोटी ठरले की त्यांचं काय?"

सांजची घंटा झाली. बेनिग्नाने पोरीला फडक्यात गुंडाळलं आणि नवऱ्याकडे न बघता ती भावाबरोबर निघून गेली.

*

सुनावणी गुरुवारी सकाळी, सिंडिकच्या घरातल्या बैठकीत झाली. दोन्या लेओनोरला आरामखुर्ची मिळाली, फादरांना लाकडी खुर्ची आणि बाकीच्यांना भिंत. बेनिग्ना लेकरू घेऊन मालकिणीच्या मागे उभी होती.

सिरियाकोचं लक्ष तेक्लावर होतं. रविवारपासून ती कुणाच्या घरी गेली नव्हती. आजही रुमाल कडक इस्त्रीचा, बिल्ला छातीवर. सुईणपणाचा तो पितळी बिल्ला ती एरवी सणासुदीलाच लावायची. हिने नटून यायचं म्हणजे काय ते त्याने ओळखलं. ही खरं बोलणार. गावात मान राहावा म्हणून माझी पोर त्या बाईच्या पदरात टाकणार. त्याने बिल्ल्यावरून नजर काढून घेतली.

"मुद्दा साधा आहे," दोन्या लेओनोर म्हणाली. "बाप्तिस्मा झाला. कायदा बाप्तिस्म्याआधीची किंमत सांगतो. मी काही दुष्ट नाही, सिंडिकसाहेब. पोरगी मोठी होऊ दे, मग बाजारभावाने घेऊ देत."

"पण पाणी नीट दिलं गेलं होतं का, हे पाहावं लागेल," सिंडिक म्हणाला.

"नीट? अहो, तेक्लाने दिलंय! माझी चारही बाळंतपणं हिच्या हातची. या गावात तेक्लाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हवं तर लिहून घ्या माझ्याकडून."

कारकुनाने ते लिहून घेतलं.

तेक्लाला पुढे बोलावलं. तिने क्रुसावर हात ठेवला. सिरियाकोने डोळे मिटून घेतले.

"पोरीच्या डोक्यावर पाणी घातलंस का?"

"वाटी ओतली, साहेब."

"वाटीत काय होतं?"

इथे ती थांबली. बाहेर अंगणात कुणीतरी लाकडं फोडत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"काढा होता," तेक्ला म्हणाली. "बेनिग्नाच्या तापासाठी बडीशेपेचा काढा करून निवत ठेवला होता. तापामुळं खिडक्या लावलेल्या, आत अंधार. मी घाबरले. हाताला लागली ती वाटी उचलली."

सिरियाकोने डोळे उघडले.

फादर अनाक्लेतो अर्धवट उठले. "तेक्ला! मला तर तू पाणी म्हणालीस."

"जावळाला वास आला तेव्हा कळलं, फादर. पण कुठल्या तोंडानं सांगू? इतक्या वर्षांची सुईण आणि पाणी कुठलं, काढा कुठला, हे कळेना! लाज वाटली. पाणी म्हणून सांगून मोकळी झाले."

"पण काढ्याने बाप्तिस्मा होत नाही," फादर म्हणाले. आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. "दारूने नाही, दुधाने नाही, काढ्याने नाही. पाणीच लागतं."

"ही खोटं बोलतेय!" दोन्या लेओनोरचा पंखा खाली पडला. "भावासाठी बोलतेय. मी त्या खोलीत गेले तेव्हा कसलाही वास नव्हता."

सिंडिकने कारकुनाकडून कागद मागून घेतला. "दोन्या, थोड्या वेळापूर्वी आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणालात. ते खोडू का?"

दोन्या लेओनोर खाली वाकून पंखा उचलू लागली.

निकाल तिथेच झाला. बाप्तिस्मा झालेला नाही, जुनीच किंमत लागू, मालकिणीने पैसे घेऊन पावती द्यावी. आणि तेक्लाने आपला बिल्ला टेबलावर ठेवावा, कारण घाबरल्यावर जिला हातातली वाटी कळत नाही तिच्या हवाली गावातल्या बायका करता येत नाहीत. तेक्लाने बिल्ला काढला. टाचणी रुमालाच्या टोकात अडकली होती, ती सोडवायला तिला वेळ लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, सिरियाकोसुद्धा नाही.

तिथून सगळे थेट चर्चमध्ये गेले. रुमाल काठावर ठेवला, दोन्या लेओनोरने तो उचलला आणि फादरांनी पोरीच्या डोक्यावर पाणी ओतलं. वहीत नोंद झाली: दोमितिला, मोकळी, आईबापांची नावं अमुक तमुक. पोरीने असा भोंगा पसरला की फादरसुद्धा हसले. बेनिग्ना मालकिणीसमोरच सिरियाकोच्या छातीवर डोकं टेकून रडली. "माफ कर मला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि ती नुसती मान हलवत होती. ग्रेगोरियाने नातीचे ओले केस आपल्या झग्याने पुसले.

तेक्ला आत आली नव्हती. दोनदा पाणी द्यायचं पाप तिला डोळ्यांनी बघायचं नव्हतं. ती बाहेर उन्हात उभी राहिली आणि मग एकटीच घरी गेली.

*

शनिवारी सिरियाको तिच्याकडे गेला. मांसाचा चांगला तुकडा घेऊन गेला होता आणि काय बोलायचं हे वाटेत चारदा जुळवलं होतं. तेक्ला उघड्या डोक्याने बसून तांदूळ निवडत होती. तिचे केस इतके पिकलेत हे त्याला माहीतच नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं विसरला.

"ठेव तिकडं. माशा बसतील."

तेवढ्यात दारात सेबेरा आली. दूध घालणारी, धिप्पाड बाई, तोंडाने फटकळ. आज मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली. हातात दुधाचं भांडं नव्हतं.

"तेक्लाताई, एकच विचारते नि जाते. माझा धाकटा. पाच दिवसांचा होऊन गेला तो. त्याला तुम्ही दिलं होतंत. ते पाणीच होतं ना?"

"पाणीच होतं, सेबेरा."

"नक्की?"

"नक्की. तुझ्या उशाशी बसून ओतलं."

"मी कुठं शुद्धीत होते." सेबेराने ओठ चावला. "शपथेवर सांगता?"

तेक्लाने हात वर करायला घेतला आणि अर्ध्यातच तो तांदळात ठेवला. आता तिच्या शपथेला कोण विचारणार होतं!

सिरियाकोच्या जिभेवर आलं होतं. रांजणातलं पाणी होतं ते, गार, स्वच्छ. खोटं तिने माझ्या पोरीसाठी सांगितलं. एवढं बोललं असतं तर सेबेरा हसत घरी गेली असती, आणि दोन्या लेओनोरचा माणूस संध्याकाळच्या आत दोमितिलाला घेऊन गेला असता. तेक्लाने त्याच्याकडे पाहून किंचित मान हलवली. बोलू नकोस.

"तू सांग, सिरियाको," सेबेरा म्हणाली. "तू तर सख्ख्या आईवरही विश्वास ठेवत नाहीस, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तूच सांग. खोटं बोलते का तुझी बहीण?"

"नाही," तो म्हणाला. "माझी बहीण जन्मात कधी खोटं बोललेली नाही."

सेबेराने ते ऐकून घेतलं. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे त्या दिवशी वाटीत काढाच होता," ती म्हणाली. "हे खरंच आहे तर."

सेबेराने चौकटीवरचा हात काढून घेतला.

"मग माझ्या पोराच्या डोक्यावर काय ओतलं असेल, ते देवालाच ठाऊक."

ती वळली आणि चर्चच्या दिशेने चालू लागली. गल्लीत आणखी दोघीजणी उभ्या होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं, दुसरीचे हात रिकामे होते. सिरियाको दार लावायला उठला.

"राहू दे उघडं," तेक्ला म्हणाली. "विचारू दे त्यांना."